मतदान नसलेली सभा

जगातले सगळे क्वेकर एका जागी आणले तर ते एकट्या कोल्हापूर शहरात मावतील, वर काही घरं रिकामी राहतील. संख्या चार लाखांच्या आसपास, आणि त्यातले सर्वाधिक केनियात. तरीही गेल्या साडेतीनशे वर्षांतल्या सामाजिक न्यायाच्या चळवळींचा इतिहास चाळायला घेतला की हे मूठभर लोक पुन्हापुन्हा भेटतात. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर होते. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. ती भरवायचं ठरलं एका क्वेकर घरात, चहा पिताना, आणि ठरवणाऱ्या पाच जणींपैकी चौघी क्वेकर परंपरेतल्या. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात कैदी बायकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायला जाणारी एलिझाबेथ फ्राय क्वेकर. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची आखणी करणारा बेयर्ड रस्टिन क्वेकर. आणि १९४७ चं नोबेल शांतता पारितोषिक क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन सेवासंस्थांना विभागून दिलेलं.

एवढ्याशा समाजाला हे कसं जमलं, असं विचारलं की 'ती माणसंच सज्जन' हे उत्तर ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. सज्जन माणसं सगळ्याच पंथांत असतात आणि क्वेकरांतही गुलाम बाळगणारे, त्यांचा व्यापार करणारे होतेच. माझ्या मते खरं उत्तर त्यांच्या प्रार्थनेतही नाही. ते शोधायचं तर त्यांच्या महिन्याच्या कामकाजाच्या सभेत शोधायला हवं. त्या सभेनं त्यांना बळ दिलं आणि त्या सभेनंच त्यांना लाजिरवाणा उशीर करायला लावला. या प्रकरणात दोन्ही पाहायचं आहे.

पंथाची सुरुवात सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत झाली. लेस्टरशायरमधल्या एका विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स चांभाराच्या हाताखाली उमेदवारी करून बाहेर पडला आणि धर्माचा अर्थ विचारत गावोगाव हिंडला. एकाही पाद्र्याकडून त्याचं समाधान झालं नाही. शेवटी त्याला जे उमगलं ते साधं होतं: ईश्वराचा उजेड प्रत्येक माणसात आहे, मधल्या माणसाची गरज नाही. हे एकदा मानलं की पुढचं सगळं ओघानं येतं. पुरोहित नको. चर्चला दशांश द्यायचा नाही. शपथ घ्यायची नाही, कारण खरं तर नेहमीच बोलायचं. कोणासमोर टोपी काढायची नाही. न्यायाधीश असो वा सरदार, सगळ्यांना एकेरीच हाक मारायची. अशा लोकांचं त्या काळी काय होणार? तुरुंग. १६५० साली डर्बीच्या न्यायाधीशानं फॉक्सला कुत्सितपणे 'क्वेकर', म्हणजे थरथरणारा, म्हटलं आणि शिवी नाव म्हणून चिकटली. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणतात. पंथाला आकार देणारी मार्गारेट फेल हिनं लँकेस्टरच्या तुरुंगात बसून बायकांनी धर्मोपदेश करण्याच्या बाजूनं पुस्तिका लिहिली. ती १६६६ साली छापली गेली. पुढे फॉक्स आणि फेल यांनी लग्न केलं.

क्वेकरांच्या स्थानिक मंडळीला 'मीटिंग' म्हणतात आणि ती ज्या वास्तूत जमते ते 'मीटिंग हाउस'. जुन्या पद्धतीच्या मीटिंगमध्ये वेदी नाही, क्रूस नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. समोरासमोर बाकं मांडलेली. तासभर लोक गप्प बसतात. एखाद्याला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठतो, चार वाक्यं बोलतो, खाली बसतो. त्यावर कोणी उत्तर देत नाही. तास संपला की शेजारच्याशी हस्तांदोलन करून उपासना उठते. (केनियातल्या आणि अमेरिकेतल्याही बऱ्याच क्वेकरांकडे पाद्री असतो, भजनं असतात. आपण इथे शांत बसणाऱ्यांबद्दल बोलतो आहोत.)

महिन्यातून एकदा हेच लोक कामकाजाला बसतात. त्या सभेत छपराची गळती, दिवंगत सभासदाची श्रद्धांजली, बेघरांसाठीच्या जेवणाला कोण भाजी चिरणार आणि युद्धाच्या खर्चाबद्दल खासदाराला पाठवायचं पत्र हे सगळे विषय एकाच यादीत असतात आणि एकाच पद्धतीनं हाताळले जातात. मतदान कधीच होत नाही. अध्यक्ष नसतो, 'क्लर्क' असतो. त्याला स्वतःचं मत रेटायची मुभा नाही. विषय वाचला जातो, मग थोडी शांतता, मग एकजण बोलतो, पुन्हा थोडी शांतता, मग दुसरा. टाळ्या नाहीत, टोमणे नाहीत. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल कुठे आहे असं वाटतं ते क्लर्क तिथेच कागदावर उतरवतो आणि मोठ्यानं वाचतो. सगळ्यांना ते मान्य झालं तरच ती सभेची नोंद ठरते. कोणी म्हणू शकतो, 'मला पटत नाही, पण मी आड येत नाही.' कोणी ठामपणे आडही येऊ शकतो. मग विषय पुढच्या महिन्यावर जातो. किंवा पुढच्या वर्षावर.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला जो एकदा तरी बसला आहे, त्याला हे ऐकून हसू येईल. पार्किंगचा प्रश्न या पद्धतीनं सोडवायला घेतला तर इमारत पडायची वेळ येईल! पण यामागचा हिशेब असा, की ५१ जणांनी ४९ जणांना हरवलं तर ४९ जण ठराव पाळत नाहीत, फक्त सहन करतात. सगळ्यांच्या गळी उतरलेला निर्णय मात्र सगळे पाळतात. वाट पाहावी लागते ती त्यासाठी. कागदावर इथे सगळे समान, पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा ज्येष्ठांना क्वेकर स्वतःच 'वजनदार फ्रेंड' म्हणतात. तेव्हा माणसाचा स्वभाव तिथेही सुटलेला नाही.

न्यायाचं काम या सभेत कसं शिरतं, तेही ठरलेलं आहे. एखाद्या सभासदाच्या मनाला एखादा अन्याय टोचू लागतो आणि त्याबद्दल आपण काही केलंच पाहिजे असं वाटू लागतं. अशा टोचणीला ते 'कन्सर्न' म्हणतात. ती आधी चार-पाच जणांच्या छोट्या समितीपुढे मांडायची. तिचं नाव क्लीअरनेस कमिटी, आणि तिचा नियम मोठा मजेशीर: सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. हे तुला का करायचं आहे? घरच्यांचं काय? हा तुझा अहंकार तर नाही? प्रश्नांतून टिकलेली टोचणी मग मासिक सभेपुढे येते. तिथे मान्य झाली तर ती एकट्याची राहत नाही, मंडळीची होते. पैसा, माणसं, प्रवासाचा खर्च, मागे कुटुंबाची विचारपूस, सगळं मंडळी बघते. मासिक सभेच्या वर त्रैमासिक सभा आणि तिच्या वर पूर्ण प्रांताची वार्षिक सभा अशी उतरंड आहे. पटलेली गोष्ट वर चढत जाते. न पटलेली कुठे तरी अडकते.

कशी अडकते, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण पेनसिल्व्हेनियातलं आहे.

ही वसाहत विल्यम पेन या क्वेकरानं वसवलेली. छळाला कंटाळलेल्या पंथीयांसाठी मोकळी भूमी. पण पेनच्या स्वतःच्या मालकीचे गुलाम होते आणि फिलाडेल्फियाच्या बड्या क्वेकर व्यापाऱ्यांकडेही होते. एप्रिल १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन या नव्या वस्तीत चौघांनी एक निवेदन लिहिलं: फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स, आणि डेरिक व अब्राहम हे ऑप डेन ग्राफ बंधू. जर्मन-डच मंडळी, इंग्रजी अडखळती, पण युक्तिवाद बिनतोड. आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं दुसऱ्याशी वागा, ही शिकवण कातडीचा रंग बघून बदलते का? माणसं चोरून आणणं आणि चोरीचा माल विकत घेणं यात फरक काय? युरोपात लोक म्हणतील, तिकडे क्वेकर माणसांना गुराढोरांसारखं वागवतात, तेव्हा काय उत्तर देणार? आणि शेवटचा फटका असा: या गुलामांनी उठाव केला तर तलवार न धरणारे तुम्ही तलवार धरणार का? त्यांना स्वातंत्र्यासाठी लढायचा जितका हक्क आहे, तितका तुम्हाला त्यांना गुलाम ठेवायचा आहे का?

मासिक सभेनं निवेदन वाचलं आणि विषय आपल्याला झेपण्याजोगा नाही म्हणून त्रैमासिक सभेकडे पाठवलं. त्रैमासिक सभेनं तेच कारण देऊन वार्षिक सभेकडे. वार्षिक सभा बर्लिंग्टनला भरली होती. तिनं इतर अनेक भागांशी संबंध येत असल्यानं आत्ताच निर्णय देणं उचित नाही असं ठरवलं. कागद फडताळात गेला. तो १८४४ मध्ये सापडला, पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट मीटिंग हाउसच्या तिजोरीत पुन्हा सापडला. 'विषय गंभीर आहे, वरिष्ठांकडे पाठवावा' हा शेरा ज्यांनी सरकारी फायलींवर वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल याचं, की ज्यांनी तो मारला ते वाईट लोक नव्हते. युक्तिवाद चुकीचा आहे असं कोणीही म्हटलं नाही. फक्त एकमत नव्हतं.

पुढची पन्नास वर्षं अधूनमधून कोणी तरी हा विषय काढी आणि सभा त्याला गप्प बसवी. मग बेंजामिन ले आला. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड. खलाशी म्हणून जग पाहिलेला. बार्बाडोसमध्ये उसाच्या मळ्यांतल्या गुलामांचे हाल डोळ्यांनी बघून आलेला. तो आणि त्याची बायको सारा १७३२ मध्ये फिलाडेल्फियाला आले. ले पुढे ॲबिंग्टनजवळ गुहेत राहिला, आपलं कापड आपण कातलं, मांस सोडलं, गुलामांच्या श्रमातून आलेली कुठलीही वस्तू वापरायचं सोडलं. एकदा थंडीत एक पाय उघडा ठेवून तो मीटिंग हाउसच्या दाराशी बर्फात उभा राहिला. लोक हळहळले, तर म्हणाला, तुमच्या शेतातले गुलाम सगळा हिवाळा अर्धे उघडे असतात, त्यांची हळहळ कुठे आहे? १७३७ मध्ये त्यानं गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांना धर्मबुडवे ठरवणारं पुस्तक लिहिलं. ते छापलं बेंजामिन फ्रँकलिननं, पण मुद्रक म्हणून स्वतःचं नाव घालायचं टाळलं.

१७३८ च्या वार्षिक सभेत ले मोठा डगला घालून गेला. आत सैनिकाचा गणवेश, कमरेला तलवार, आणि हातात पोखरलेलं पुस्तक. त्या पुस्तकात लाल रसाची पिशवी. वेळ येताच डगला फेकून त्यानं गुलामांच्या मालकांना खडसावलं, पुस्तकात तलवार खुपसली, आणि आजूबाजूच्यांच्या अंगावर लाल शिंतोडे उडाले. त्याला उचलून बाहेर काढण्यात आलं. त्याच सुमारास त्याचं सभासदत्वही गेलं. क्वेकरांत याला 'डिसओन' करणं म्हणतात. उपासनेला बसायची बंदी नसते, पण कामकाजात बसता येत नाही. म्हणजे ज्या खोलीत निर्णय होतो तिथून हद्दपारी. ॲबिंग्टनच्या मंडळीनं अलीकडे ले आमच्याच विचाराचा होता अशी नोंद केली. जवळपास २८० वर्षांनी.

लेनं जे आरडाओरडा करून मागितलं, ते जॉन वूलमननं सभेच्या रीतीनं मिळवलं. न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा हा शिंपी आणि दुकानदार. तरुणपणी एका दुकानात कामाला असताना मालकानं त्याला एका गुलाम स्त्रीचं विक्रीपत्र लिहायला सांगितलं. गिऱ्हाईक बाहेर थांबलेलं. त्यानं लिहिलं, पण लिहितानाच ही गोष्ट धर्माविरुद्ध आहे असं मालकाला आणि गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. पुढच्या वेळी त्यानं असं पत्र लिहायला नकार दिला. मग वर्षानुवर्षं तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी मुक्कामाला जात राहिला. भांडायला नाही, बोलायला. निघताना त्या घरच्या गुलामांनी आपली सेवा केली म्हणून चांदीची नाणी देऊन जाई. यजमानाच्या तोंडावर यापेक्षा सभ्य चपराक मला माहीत नाही. रंगवलेले कपडे त्यानं सोडले, साखर सोडली. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत 'अजून थोडं थांबू या' हा सूर लागला तेव्हा वूलमन उठला आणि आता थांबणं म्हणजे अन्यायात भागीदारी आहे, अशा अर्थाचं बोलला. सभेनं समिती नेमली. तिचं काम एकच: गुलाम बाळगणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या घरी जाणं. यापुढे गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला कामकाजाच्या सभेत बसू द्यायचं नाही, हेही ठरलं.

हा निर्णय नेमका तेव्हाच का झाला? एकट्या वूलमनच्या पुण्याईवर नाही. काही वर्षांपूर्वी सरहद्दीवर युद्ध पेटलं होतं, आणि युद्धाच्या खर्चाला हात लावायचा नाही म्हणून बरेच क्वेकर १७५६ मध्ये वसाहतीच्या विधानसभेतून बाहेर पडले होते. सत्ता गेली तशी आत बघायची सवड मिळाली. ईश्वर आपल्यावर का कोपला, असा प्रश्न या मंडळींनी खरोखर विचारला आणि उत्तर घरातल्या स्वयंपाकघरात, शेतात काम करताना दिसलं. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची: फिलाडेल्फियाच्या क्वेकरांचा पैसा मुख्यतः व्यापारातला होता, कॅरोलिनाच्या मळेवाल्यांसारखा संपूर्णपणे गुलामांवर उभा नव्हता. पटायला त्यांना तुलनेनं सोपं गेलं.

तरी आणखी अठरा वर्षं लागली. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्या कोणालाही सभासद राहू द्यायचं नाही असा नियम केला. जर्मनटाऊनच्या निवेदनापासून ८८ वर्षांनी. त्या वर्षी 'सर्व माणसं समान' असा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनकडे शेकडो गुलाम होते, आणि तो मरेपर्यंत गुलामांचा मालक राहिला. एका बाजूला एका उन्हाळ्यात लिहिलेलं, टाळ्या मिळवलेलं आणि न पाळलेलं वाक्य. दुसऱ्या बाजूला ८८ वर्षं रखडलेली, पण मग घराघरांत जाऊन अमलात आणलेली नोंद. कुठली पद्धत बरी? क्वेकरांची, असं मी म्हणेन. मात्र त्या ८८ वर्षांत क्वेकर घरांत गुलाम म्हणून जन्मली आणि गुलाम म्हणूनच मेली ती माणसं त्या सभेत नव्हती. एकमत ज्यांच्यात व्हायचं होतं, त्यांत त्यांची गणतीच नव्हती. पद्धतीतली खरी खोट हळूपणात नाही, इथे आहे.

महाराष्ट्राला या इतिहासाचं एक टोक माहीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण करून. त्या सत्पुरुषांत आणि स्त्रियांत क्वेकर पुष्कळ होते. इंडियानात लिव्हाय कॉफिन आणि त्याची बायको कॅथरीन पळून आलेल्या गुलामांना घरात लपवून पुढे उत्तरेकडे धाडत. पण याच कॉफिनला त्याच्या वार्षिक सभेतल्या वजनदार मंडळींनी कामातून बाजूला सारलं, कारण गुलामीविरोधी चळवळ फार आक्रस्ताळी होत चालली आहे असं त्यांना वाटे. १८४३ मध्ये कॉफिन आणि सोबत्यांना वेगळी वार्षिक सभा काढावी लागली. आणि फिलाडेल्फियात, आर्च स्ट्रीटच्या त्याच मीटिंग हाउसमध्ये, काळ्या उपासकांसाठी वेगळा बाक होता. सारा मॅप्स डग्लस ही काळी शिक्षिका लहानपणापासून आईबरोबर त्या बाकावर बसली आणि तिनं त्याबद्दल लिहून ठेवलं. गुलामीविरुद्ध ठराव करणारे लोक शेजारी बसायला तयार नव्हते. यातली विसंगती जोतीरावांच्या वाचकाला उलगडून सांगायची गरज नाही.

क्वेकरांच्या सदिच्छेनं केलेलं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. फटके आणि फाशी यांऐवजी कैद्याला एकांतात बसवलं तर तो पश्चात्ताप करेल, या कल्पनेवर १८२९ मध्ये फिलाडेल्फियात ईस्टर्न स्टेट तुरुंग उभा राहिला. त्यामागच्या सुधारकांत क्वेकरांचा मोठा वाटा होता. स्वतःला तासभराच्या शांततेत जे मिळतं तेच कैद्याला वर्षानुवर्षांच्या शांततेत मिळेल, असा तो भाबडा हिशेब. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सनं तो तुरुंग पाहिला आणि हा छळ शरीराच्या छळापेक्षा वाईट आहे असं सडेतोड लिहिलं. एकांतकोठडी मात्र तिथून जगभर गेली. आदिवासी अमेरिकन मुलांना घरापासून तोडून त्यांचे केस कापणाऱ्या, त्यांची भाषा बंद करणाऱ्या निवासी शाळांपैकी काही क्वेकरांनी चालवल्या होत्या. आज अनेक मंडळी त्या शाळांची जुनी कागदपत्रं उघडत आहेत आणि त्याबद्दल माफी मागत आहेत.

कॅडबरीचं चॉकलेट तर आपल्या घराघरांत. हे घराणं क्वेकर. विद्यापीठांची आणि सरकारी नोकऱ्यांची दारं बंद असल्यानं इंग्लंडमधले क्वेकर व्यापारात शिरले, दारूला पर्याय म्हणून कोको विकू लागले. कॅडबरींनी बर्मिंगहॅमजवळ कामगारांसाठी बागांसह घरं बांधली. १९०१ च्या सुमारास त्यांच्या कानावर आलं की आपला कोको साओ तोमे बेटावरून येतो आणि तिथे वेठीला धरलेले मजूर राबतात. मग चौकशी, पत्रव्यवहार, पोर्तुगीज सरकारशी बोलणी. बहिष्कार घातला १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्रानं त्यांना ढोंगी म्हटलं, त्यांनी बदनामीचा दावा लावला, जिंकले, आणि ज्यूरीनं नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे तेव्हाचं सर्वांत लहान नाणं. ज्यूरीला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

भारतात क्वेकरांचं मिशनकाम १८६६ मध्ये सुरू झालं. रेचल मेटकाफ ही पहिली मिशनरी त्या वर्षी आली, आणि पुढे नर्मदेकाठचं होशंगाबाद हे त्यांचं केंद्र झालं. धर्मांतराचा जोर हळूहळू ओसरला आणि काम शेती, शाळा, दुष्काळ यांकडे वळलं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवणाऱ्या जॉन हॉयलंड या क्वेकरानं तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेले आणि गोखल्यांचं चरित्र लिहिलं. पुरोहिताला बाजूला सारून थेट देवाशी बोलणारा देहूचा वाणी त्याला जवळचा वाटला असेल तर आश्चर्य नाही. मार्च १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलेलं पत्र दिल्लीला घेऊन गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा क्वेकर परंपरेतलाच इंग्रज तरुण. लंडनमध्ये अगाथा हॅरिसननं इंडिया कन्सिलिएशन ग्रुपतर्फे वर्षानुवर्षं मंत्र्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. ऑगस्ट १९४७ मध्ये कलकत्त्यात गांधीजींच्या सोबत होरेस अलेक्झांडर होते. आणि स्वातंत्र्यानंतर वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीमचे शिक्षक घडवले मार्जोरी साइक्स यांनी. १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आलेली ही इंग्रज बाई भारतीय नागरिक झाली. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही तिनंच लिहिला.

अमेरिकेतल्या आजच्या एखाद्या मंडळीत गेलात तर इतिहासाचा हा सगळा पसारा दिसत नाही. दिसतात समित्या. शांतता आणि सामाजिक प्रश्नांची समिती, इमारतीची समिती, आदरातिथ्याची समिती, आणि या सगळ्या समित्यांवर कोणाला घ्यायचं ते ठरवणारी आणखी एक समिती. उपासनेनंतर घरून आणलेल्या पदार्थांचं एकत्र जेवण. त्या जेवणाच्या टेबलावरच खासदारांना पत्रं लिहिली जातात, कारण १९४३ पासून वॉशिंग्टनमध्ये क्वेकरांची स्वतःची पाठपुरावा करणारी संस्था आहे आणि ती मंडळ्यांना विचारूनच आपला अग्रक्रम ठरवते. काही सभासद तुरुंगात जाऊन हिंसेशिवाय भांडण कसं मिटवायचं याच्या कार्यशाळा घेतात. हा उपक्रम १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीन हेवन तुरुंगात कैद्यांच्याच मागणीवरून सुरू झाला आणि आज अनेक देशांत चालतो. एकांतकोठडीपासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

कधी कधी यातून मोठंही काही निघतं. ॲरिझोनातल्या टूसॉनजवळचा जिम कॉर्बेट हा क्वेकर पशुपालक १९८१ मध्ये एल साल्वादोरमधून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना सरहद्द ओलांडायला मदत करू लागला. कायदा सरकार मोडतं आहे, आम्ही तो पाळतो आहोत, असा त्याचा दावा होता, कारण छळातून पळालेल्यांना आश्रय द्यायचा कायदा अमेरिकेनं १९८० मध्येच केला होता. त्याच्यावर खटला झाला, तो निर्दोष सुटला, आणि तोवर देशभरातल्या शेकडो चर्चांनी आणि सिनेगॉगांनी निर्वासितांना दारं उघडली होती. फिलाडेल्फियातल्या एका क्वेकर गटानं डोंगरमाथे उडवून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखांत जाऊन गप्प बसायचा सत्याग्रह केला. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, बँकेनं ती कर्जं आवरती घेतली.

आणि जर्मनटाऊनमध्ये, आता ते फिलाडेल्फियाचाच एक भाग आहे, ग्रीन स्ट्रीट मीटिंगनं शेजारच्या कृष्णवर्णीयांना नुकसानभरपाई म्हणून वर्षाला ५०,००० डॉलर याप्रमाणे दहा वर्षांत ५ लाख डॉलर द्यायचं ठरवलं. शेजाऱ्यांना विचारल्यावर कळलं की पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरांचे कागद अनेकांच्या नावावर नाहीत. वारसनोंद न झाल्यानं कर्ज मिळत नाही, घर हातचं जाण्याची भीती. म्हणून पैशाचा पहिला उपयोग वकिलांच्या फीसाठी. सातबाऱ्यावर नाव चढवायला फिरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे काम किती मोलाचं आहे ते कळेल. इथे यावेळी मंडळीनं आधी शेजाऱ्यांना विचारलं, हा बदल मला त्या पाच लाखांपेक्षा मोठा वाटतो.

फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, लंडन, बर्मिंगहॅम इथे आता मराठी माणसं पुष्कळ आहेत. यांपैकी कुठे तुमचं राहणं किंवा जाणं असेल, तर रविवारच्या शांत उपासनेला कोणीही बसू शकतं, नाव-गाव-धर्म कोणी विचारत नाही. पण शक्य झालं तर क्लर्कची परवानगी घेऊन कामकाजाच्या सभेला बसा. कंटाळा येईल, घड्याळाकडे बघाल. तरी नोंद वाचून होईपर्यंत उठू नका.